क्रीमवर 'अल्कोहोल' लिहिलंय म्हणून बाळाचं बंद करू का, आणि वडिलांचं? त्वचारोगाच्या डॉक्टरचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. मुलगी आठ महिन्यांची, गालावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला कोरडे खाजरे चट्टे, देवगडच्या बालरोगतज्ज्ञांनी मॉइश्चरायझर दिलं, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात सीटोस्टीअरिल अल्कोहोल दिसलं आणि आजी म्हणाली 'चेडवाक दारू लावतंस?'. मग रात्री तुम्ही नेटवर शोधत बसलात आणि फॅटी अल्कोहोल साठून त्वचेचा आणि मेंदूचा आजार होतो असं वाचून झोप उडाली. त्यात वडिलांच्या घोट्याजवळच्या जुन्या जखमेच्या क्रीमवरही तेच नाव निघालं, आणि त्यांची जखमेभोवतीची कातडी खरंच ते क्रीम सुरू केल्यापासून जास्त खाजतेय, पाझरतेय. म्हणून दोघांचं बंद करू का असं विचारलंत.

मुलीचं बंद करू नका. वडिलांचं आजच थांबवा. पदार्थ एकच असून उत्तरं उलटी का, हे सांगायला जरा लांबण लागेल.

आधी आजीची शंका. केमिस्ट्रीत अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. दारूतलं नि सॅनिटायझरमधलं इथेनॉल दोन कार्बनचं, लगेच उडून जातं आणि जाताना कातडीतलं तेल-पाणी घेऊन जातं, म्हणून त्याने कोरडं पडतं, चिरलेल्या जागी झोंबतं. सीटिल अल्कोहोल १६ कार्बनचं आणि स्टीअरिल १८ चं, दोघांचं मिश्रण म्हणजे सीटोस्टीअरिल. अशा लांब साखळीच्या अल्कोहोलांनाच फॅटी अल्कोहोल म्हणतात. हातात घेतलंत तर पांढरे मेणासारखे तुकडे दिसतील, साधारण ५० अंशाला वितळणारे, पाण्यात न विरघळणारे आणि उडून तर अजिबात न जाणारे. याने नशा होत नाही, लिव्हरवर दारूचा परिणाम होतो तसला काही होत नाही. लेबलवर 'अल्कोहोल डिनॅट' किंवा नुसतंच 'अल्कोहोल' पहिल्या तीनचार नावांत असेल तर मात्र बाळाला ते नको, ते खरं इथेनॉल.

क्रीममधे हे घालतात ते तेल आणि पाणी फाटू नये म्हणून आणि क्रीमला दाटपणा यावा म्हणून. पण कातडीवर त्याचं आणखी एक काम असतं, पाणी उडू न देण्याचं. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात तलावांतलं पाणी आटू नये म्हणून हेच सीटिल अल्कोहोल पाण्यावर पसरून बघितलं होतं, एका रेणूच्या जाडीचा थर पाण्यावर उभा राहतो आणि बाष्पीभवन कमी होतं. वाऱ्याने थर फाटायचा म्हणून तलावांवर ते नीटसं जमलं नाही ही गोष्ट वेगळी. एक्झिमा, म्हणजे तुमच्या मुलीसारखे कोरडे खाजरे चट्टे, असलेल्या बाळाची कातडी गळकी असते, आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं नको ते आत, तिथे असा थर उपयोगाचा.

पहिल्यांदा हे मिळालं ते देवमाशाच्या डोक्यातल्या मेणातून, १८१७ साली फ्रान्सच्या शेव्ह्रलने काढलं. आता बहुतेक पामतेल नाहीतर चरबीपासून करतात. आपल्या खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे १२ कार्बनचं, त्यामुळे नारळापासून मुख्यतः १२ चं लॉरिल अल्कोहोल बनतं आणि त्याच्यापासून पुढे सोडियम लॉरिल सल्फेट, शाम्पू-टूथपेस्टमधला फेस आणणारा. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'क्रीम लावलं की बाळ रडतं' असं सांगत आया येतात तेव्हा मी ट्यूबवर सीटोस्टीअरिल शोधत नाही, हे सल्फेट शोधतो. जुन्या पद्धतीच्या अॅक्वस क्रीममधे दोन्ही असतात आणि २०१० च्या सुमारास इंग्लंडमधे बाथ विद्यापीठात दाखवलं गेलं की ते क्रीम रोज लावून ठेवल्याने निरोगी माणसाचीही कातडी पातळ आणि गळकी होते, त्यात संशय सल्फेटवर होता. तेव्हा बाळाचं क्रीम झोंबत असेल तर आधी ते नाव बघा. वासाचं क्रीम असेल तर तेही बदला, सुगंध हा कायमचा संशयित.

आता तुमची झोप उडवणारा भाग. तुम्ही वाचलंत तो आजार खरा आहे. स्यॉग्रेन-लार्सन सिंड्रोम. १९५७ मधे स्वीडनच्या टॉर्स्टन स्यॉग्रेन आणि टागे लार्सन यांनी उत्तर स्वीडनमधल्या कुटुंबांत तो नीट वर्णन केला. (डोळे आणि तोंड कोरडं पडणारा स्यॉग्रेन वेगळा, तो हेन्रिक, नेटवर दोन्हींची सरमिसळ दिसते.) यात मूल जन्मतःच किंवा थोड्याच दिवसांत खवल्यांसारख्या, जाड, सुरकुतलेल्या कातडीचं दिसतं, बऱ्याचदा दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं, वर्ष-दोन वर्षांत पाय ताठर होत जातात, बुद्धीची वाढ मागे राहते, डोळ्याच्या पडद्यावर चमकदार पांढरे ठिपके सापडतात. आणि हो, अशा रुग्णांच्या रक्तात आणि पेशींत १६ आणि १८ कार्बनची फॅटी अल्कोहोलं वाढलेली असतात. तुमच्या ट्यूबवरचीच दोघं. इथवर नेट बरोबर.

चुकतं पुढे. आजारात सापडतं म्हणजे त्यानेच आजार होतो असं धरलं जातं. मुळात ही अल्कोहोलं आपलं शरीर रोज स्वतःच बनवतं. पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात एक एन्झाइम फॅटी आम्लाचं अल्कोहोल करतं आणि त्यातून प्लाझमॅलोजेन नावाचे स्निग्ध पदार्थ होतात, मेंदू आणि हृदयाच्या पेशींच्या आवरणात ते भरपूर असतात. ते बनवणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असेल तर हाडांचे, डोळ्यांचे, मेंदूचे गंभीर आजार होतात. म्हणजे फॅटी अल्कोहोल कमी पडणंही वाईटच. तुमच्या नाकावर दुपारी जो तेलकटपणा येतो त्यातला सुमारे पाव भाग मेण-एस्टरचा असतो, म्हणजे फॅटी अल्कोहोल अधिक फॅटी आम्ल. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी तेच सोडतात म्हणून डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. तुमची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या अंगावर जो पांढरा चिकट थर होता त्यातही हेच मेण होतं. आजीला हे जरूर सांगा.

बनवलेलं जास्तीचं अल्कोहोल मोडायचीही सोय असते. आधी त्याचं आल्डिहाइड होतं, मग आल्डिहाइडचं फॅटी आम्ल, आणि फॅटी आम्ल जाळायला शरीर तयारच असतं. आल्डिहाइड ते आम्ल ही दुसरी पायरी करणारं एन्झाइम ज्या जनुकातून बनतं ते १७ व्या गुणसूत्रावर आहे, एएलडीएच३ए२ त्याचं नाव. स्यॉग्रेन-लार्सनमधे आईकडून आणि बाबांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. काजूच्या कारखान्यात सोलणीचं टेबल बंद पडलं तर मागे भाजलेल्या बियांचा ढीग लागणारच, तो ढीग बघून बियांमुळे टेबल बंद पडलं असं कोणी म्हणत नाही. त्या मुलांत जे साठतं ते मुख्यतः शरीरातच बनलेलं असतं. साठल्यावर मात्र ते, आणि त्याहून जास्त ते आल्डिहाइड, नुकसान करतात, कातडीची स्निग्ध भिंत नीट रचली जात नाही, आणि ल्युकोट्राइन बी४ नावाचा दाह वाढवणारा पदार्थही याच एन्झाइमने मोडला जातो तो साठत राहतो, म्हणून त्या मुलांना इतकी खाज. बाहेरून लावलेल्या क्रीममुळे निरोगी एन्झाइम असलेल्या मुलाला हा आजार होत नाही. जनुकाचा आजार आहे, ट्यूबमधून येत नाही.

तरी एक गोष्ट विचारतो, घाबरवायला नाही. तुमचं लग्न नात्यातलं आहे का, मामाची मुलगी वगैरे? अशा आजारांत दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, त्यामुळे नात्यातल्या लग्नात शक्यता वाढते. तुम्ही लिहिलंय त्यावरून, चट्टे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आले, मधे बरे होतात, पुन्हा येतात, मुलगी बसायला लागली, पाय मोकळे हलवते, हे साध्या बाळ-एक्झिमाचं वर्णन आहे. जन्मापासून सगळं अंग खवल्यांचं असेल आणि लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे ताठ होत असतील तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पण मग ते क्रीमसाठी नसेल.

सुरक्षिततेचं एक उदाहरण मला फार आवडतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची फुप्फुसं उघडत नाहीत, त्यासाठी १९९० साली अमेरिकेत मंजूर झालेलं एक कृत्रिम सर्फॅक्टंट (फुप्फुसं आतून चिकटू नयेत म्हणून सोडायचं औषध) होतं, एक्झोसर्फ, त्यात औषध फुप्फुसभर पसरावं म्हणून सीटिल अल्कोहोल घातलेलं असायचं. नंतर प्राण्यांपासून केलेली सर्फॅक्टंट त्याहून सरस ठरली म्हणून ते मागे पडलं. कातडीबद्दल म्हणाल तर अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९८८ मधे सीटोस्टीअरिल, सीटिल आणि त्यांची भावंडं वापरायला सुरक्षित ठरवली.

मुलीच्या बाबतीत माझी खरी काळजी वेगळीच आहे, आपली हवा. एप्रिल-मेमधे किनाऱ्यावर जाड क्रीम थापून बाळाला बंद खोलीत झोपवलं की मानेवर-पाठीवर घामोळं येतं आणि घरचे म्हणतात क्रीम सोसलं नाही. पातळ लोशन, आंघोळीनंतर ओलसर अंगावर, फक्त कोरड्या जागी, घड्यांमधे नाही. पावसाळ्यात अजून कमी लागेल, थंडीत दाट चालेल. खोबरेल लावायचं असेल तर लावा, घाण्याचं, बिनवासाचं, मी अडवत नाही, पण चट्टा लाल आणि पाझरता असताना नुसत्या तेलाने भागत नाही, तेव्हा डॉक्टरने दिलेलं सौम्य स्टिरॉइड सांगितलेले दिवस लावावंच लागतं. मेडिकलवाल्याकडून 'खाजेचं क्रीम' म्हणून मिळणारं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेलं मात्र बाळाच्या अंगाला लावू नका. त्याने केलेलं नुकसान मी रोज बघतो.

आता वडील. इथे मात्र हाच पदार्थ संशयित आहे. फॅटी अल्कोहोलांची विषबाधा होत नाही पण अॅलर्जी होऊ शकते, आणि ती कोणाला होते हे ठरलेलं असतं. सर्वसाधारण लोकांत क्वचित, पण पायाच्या शिरा फुगून झालेल्या जुन्या जखमा, भोवती तपकिरी पडलेली कातडी, महिनोन्महिने मलम आणि वर पट्टी, अशा लोकांत बऱ्यापैकी. फाटलेल्या, सुजलेल्या कातडीतून पदार्थ आत जातो, वर पट्टीने झाकलेला असतो, शरीराच्या संरक्षक पेशी आधीच तिथे जमलेल्या असतात, मग एखाद्या दिवशी त्या याला शत्रू धरतात. एकदा धरला की सहसा आयुष्यभर. लोकरीच्या चरबीतून काढलेलं लॅनोलिन त्याच वर्गातलं, त्याचीही अॅलर्जी याच लोकांत जास्त. घोळ कसा होतो बघा, एक्झिमासाठी दिलेल्या स्टिरॉइड क्रीमच्या बेसमधेही तेच सीटोस्टीअरिल, स्टिरॉइड दाह दाबतं आणि बेस दाह पेटवतो, जखम ना धड बरी होते ना धड चिघळते. 'डॉक्टरानू, ह्यां मलम लायल्यार खाज वाढता' असं म्हातारा माणूस सांगतो आणि घरचे म्हणतात त्यांना कशाचंच समाधान नाही. माझा अनुभव, म्हातारा बहुतेकदा खरं बोलत असतो.

पण अल्कोहोललाच धरून बसू नका. जखमेच्या क्रीममधे निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक आहे का बघा, जुन्या जखमांत त्याची अॅलर्जी फार. क्लोरोक्रेसॉल, पॅराबेन ही टिकवणारी द्रव्यं बघा. आणि देवगड म्हटल्यावर मी आंब्याचं विचारणारच. काढणीच्या दिवसांत देठातून उडणारा चीक हातापायावर पडून फोड येतात, काजूच्या सालीतलं तेल तर त्याहून जहाल, आणि पाय सुजला की बिब्बा लावायची आपल्याकडे सवय आहेच. या तिन्हींतले भाजणारे पदार्थ एकाच जातकुळीचे, फिनॉलला लांब शेपटी लागलेले, एकाची अॅलर्जी असेल तर दुसऱ्याचीही उठू शकते. फॅटी अल्कोहोलशी त्यांचा संबंध नाही, पण पायावरचा चट्टा दिसायला सारखाच. बाबा कलमांत जात होते का, कोणी बिब्बा किंवा पाला बांधला का, हे लाजेखातर कोणी आपणहून सांगत नाही, विचारून घ्या.

नक्की करायचं तर पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या चकत्यांत संशयित पदार्थ लावून पट्टी मारतात, सीटोस्टीअरिलसाठी पेट्रोलियम जेलीत २० टक्के असं मिश्रण वापरतात, दोन दिवसांनी काढून बघायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा, कारण ही अॅलर्जी उशिरा उठते. रुग्ण जे वापरतो ते क्रीमही मी सोबत लावतो. पट्टी असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम नको, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात ही टेस्ट करणं म्हणजे शिक्षाच, दुसऱ्या दिवशी पट्टी अर्धी लोंबत असते. शक्य असेल तर मी दिवाळीनंतरची तारीख देतो. तोवर घरी करता येईल असं म्हणजे, तेच क्रीम हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा आठवडाभर लावायचं. पुरळ उठली तर थांबवा, क्रीममधलं काहीतरी लागतंय. उठली नाही तरी पूर्ण सुटका नाही, चांगली कातडी आणि जखमेजवळची कातडी यांत फरक असतो.

एक अडचण आधीच सांगतो. आपल्याकडे औषधी क्रीमच्या ट्यूबवर बऱ्याचदा नुसतं 'क्रीम बेस' लिहितात, आत काय ते नाही. म्हणून शंका असली की मी क्रीमऐवजी साधं पेट्रोलियम जेलीच्या बेसमधलं ऑइंटमेंट देतो, त्यात सहसा पाणी नसतं म्हणून टिकवणारी द्रव्यं नकोत आणि सीटोस्टीअरिलही बहुधा नसतं. बहुधा म्हणतोय, कारण 'इमल्सिफाइंग ऑइंटमेंट' नावाने मिळतं त्यात ते भरपूर असतं. नाव ऑइंटमेंट, माल तोच.

बाकी तुम्ही शेवटी दोन किरकोळ विचारलंत ते. बाबांना कोणीतरी कोलेस्टेरॉलसाठी उसाच्या मेणाच्या पॉलिकोसॅनॉल गोळ्या विकल्यात. तीही फॅटी अल्कोहोलंच, मुख्य ऑक्टाकोसॅनॉल, २८ कार्बनचं. क्यूबातल्या अभ्यासांत फार गुण दाखवले होते, मग २००६ मधे जर्मनीत १४३ रुग्णांवर नीट चाचणी झाली, ८० मिलिग्रॅमपर्यंत देऊन बघितलं, नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा काडीचाही फरक नाही. पैसे वाचवा, आणि त्यांची नेहमीची कोलेस्टेरॉलची गोळी यामुळे बंद केली असेल तर डॉक्टरांना सांगून परत सुरू करा.

आणि मासे. माशांत फॅटी अल्कोहोल असतं हे खरं, बोयच्या गाबोळीतल्या स्निग्धांशाचा मोठा भाग मेण-एस्टरच असतो. खुशाल खा, मीही खातो. अडचण फक्त रेफ्सम नावाच्या दुर्मिळ आजारात, नॉर्वेच्या सिग्वाल्ड रेफ्समनी १९४६ मधे वर्णन केलेल्या. पानांच्या हिरव्या रंगात फायटॉल नावाचं फांद्या फुटलेलं फॅटी अल्कोहोल असतं, आपलं पोट ते फारसं सोडवून घेत नाही पण गाई-बकऱ्यांच्या पोटातले जंतू घेतात, त्याचं होतं फायटॅनिक आम्ल, ते दुधाच्या साईत, मटणात, काही माशांत येतं. रेफ्सममधे ते मोडत नाही, साठतं, मग रातांधळेपणा, वास न येणं, चालताना तोल जाणं. अशा रुग्णाला आहार खरोखर बदलावा लागतो. तुमच्या घरी कोणाला हे नाही, सोडून द्या.

थोडक्यात, मुलीचं क्रीम चालू, सल्फेट आणि वास तेवढे टाळायचे. बाबांचं बंद, आणि तोवर मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुणं आणि साधी पेट्रोलियम जेली लावलेली जाळीची पट्टी. पण एक सांगतो, क्रीम बदलल्याने भोवतीची खाज जाईल, जखम भरणार नाही. ती भरते पाय उंच ठेवल्याने आणि दाबाच्या पट्टीने, आणि ती पट्टी आपल्या मनाने बांधायची नाही, आधी पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा डॉपलरने, म्हणजे सोनोग्राफीसारख्या तपासणीने, बघावा लागतो, तो कमी असताना आवळलं तर पाय काळा पडतो. साखर तपासून घ्या. जखमेची कड उंच, कडक झाली असेल, किंवा वर्षानुवर्षं तशीच असेल तर कडेचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, त्यात दिरंगाई नको. त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या संपलेल्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, पालाबिला असेल तर तोही, एका पिशवीत घालून न्या.